खोलीत कुणी नसेल तर

बाबांचा उजवा हात गेला आणि आमच्या घरातली रेल्वे बंद पडली. रेल्वे म्हणजे खेळण्यातली, पण बाबांसमोर खेळणं म्हणायची सोय नाही. मागच्या खोलीत दोन मोठी टेबलं जोडून त्यांनी ती उभी केली आहे: दोन रूळमार्ग, तीन स्टेशनं, एक बोगदा, घरांच्या खिडक्यांत दिवे. बाबा शिंपी. आयुष्यभर लोकांचे कोट शिवले आणि उरल्या वेळात हे जग शिवलं. डोंगर कोटाच्या खांद्यात घालायच्या पॅडचे, गवत हिरव्या लोकरीच्या कातरणाचं. बोगद्याला आतून साटिनचं अस्तर आहे, जे कुणालाच दिसत नाही. आतून कशाला, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, गाडीला दिसतं ना.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. आई मला भिंगरी म्हणते, आणि ते लाडानं नाही. दवाखान्यांना यंत्रं विकायचं माझं काम, त्यामुळे आज इथं, उद्या तिथं. घरी आले तरी चहा उभ्यानं आणि गप्पा दारातून. बाबांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तशी सुट्टी टाकून धावत आले, त्यांचा जीव वाचला म्हणून रडलेसुद्धा. मग ते दवाखान्यातून घरी आले, खिडकीशी खुर्चीत बसले, आणि माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. आजारी माणसाजवळ नुसतं बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कधी जमलेलं नाही. मला दुरुस्त करायला काहीतरी लागतं. हात दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून मी रेल्वे घेतली.

रेल्वेची सगळी बटणं टेबलाखाली, वाकून हात घालावा तेव्हा सापडणारी. बाबांना आता वाकता येत नव्हतं. मी बाजारात जाऊन घरातले दिवे-पंखे फोनवरून चालवायचे असतात ते स्मार्ट प्लग घेऊन आले. एक रुळांना, एक स्टेशनांच्या दिव्यांना. एक मोठं बिनतारी बटण खुर्चीच्या डाव्या हातावर चिकटवलं. दाबलं की दिवे लागणार, गाड्या सुटणार, पुन्हा दाबलं की थांबणार. मी फोनवर बोट फिरवून गाड्या पळवून दाखवल्या तेव्हा आई म्हणाली, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

आईला आगीची भीती. बाबांना खुर्चीतच डुलकी लागली आणि गाड्या तशाच फिरत राहिल्या, तापल्या, तर? तिच्या समाधानासाठी मी दारावर हालचाल टिपणारी एक छोटी डबी बसवली. माणूस हलला की तिच्यात लाल ठिपका चमकतो. फोनमध्ये नियम लिहिला: खोलीत पाच मिनिटं कुणी नसेल, तर सगळं बंद. बाबा खोलीत आहेत म्हटल्यावर डबीला ते दिसणारच, असा माझा हिशेब.

मी स्वतःशी ठरवलं होतं, बाबांनी आपल्या हातानं गाडी चालवली की मी निघाले. तिकडे ऑफिसातले साहेब रोज फोन करत होते. माझा विक्रीचा भाग एका नव्या पोराला देऊ का, असं ते विचारायचे, आणि विचारताना आवाज असा मऊ ठेवायचे की माझं डोकं तडकायचं. तिकीट मी आधीच एकदा पुढे ढकललं होतं. आता रविवारचं होतं.

बाबांनी डाव्या हातानं बटण दाबलं. दिवे लागले, मालगाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. मी खोलीभर फिरत होते, वायरी बघत होते, टाळ्या वाजवत होते. आईचे डोळे भरून आले. अर्धा तास सगळं अगदी सुरळीत चाललं. मी स्वयंपाकघरात गेले, फोनवर साहेबांना सांगितलं की रविवारी निघते, आणि फोन ठेवते न ठेवते तोच मागच्या खोलीतला खडखडाट थांबला.

"भिंगरे," बाबांनी हाक मारली. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले आहेत, एकेक उचलून ठेवल्यासारखे येतात. "बघ गं जरा."

मी बघितलं. पुन्हा चालू केलं, चाललं. मी बाहेर गेले, बंद पडलं. माशी कुठे शिंकते तेच कळेना. वायफाय बदललं, प्लग आलटून पालटून लावले, दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ताई, माल चांगला आहे. मी म्हटलं, मग काय माझ्या घराला नजर लागली? सगळा आठवडा हेच. मी खोलीत असले की गाडी चाले, मी पाठ फिरवली की काही वेळानं बंद. आई तर म्हणायला लागली की यंत्रालाही तुझी सवय झाली, आणि मी तिच्यावर खेकसले. खेकसायला नको होतं, पण माझा राग नाकावर असतो हे तिला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

बिघाड शोधायचा म्हणजे टेबलाखाली मांडी ठोकून बसावं लागे. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन आत, आणि वरून बाबांचं हळूहळू बोलणं चालू. हे हिरवं कातरण एका नवरदेवाच्या कोटाचं. त्यानं ऐन वेळी रंग बदलला. ती छोटी गुलाबी घरं आईच्या पहिल्या शिलाई मशीनच्या खोक्याची. मी हं हं करत होते. अर्ध्या कानानं ऐकत होते, आणि अर्ध्यानं साहेबांचा फोन वाजतोय का ते. बाबांना गाडीशिवाय सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि राहायचंही.

शुक्रवारी मी वैतागून एक प्लग बदलून आणायला निघाले. आई खाली शेजारणीकडे गेली होती. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, बदलायचा तो प्लगच घरी राहिलाय. परत वळले. घराखाली आले तर आमच्या मागच्या खिडकीतून खडखडाट ऐकू येत होता. मी थांबून ऐकलं. चालूच होता. खोलीत एकटे बाबा आणि गाडी चालू!

मी आवाज न करता वर गेले आणि दाराच्या फटीतून बघितलं. दोन्ही गाड्या फिरत होत्या. बाबा पुढे झुकून बोगद्याकडे बघत होते, चेहरा दुकानात नवं कापड उलगडताना असायचा तसा. मध्येच त्यांनी मान वर केली, दारावरच्या डबीकडे बघितलं आणि डावा हात उचलून माशी हाकलावी तसा हलवला. डबीत लाल ठिपका चमकला. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा गाडीकडे बघायला लागले. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबीला माणूस दिसत नाही, फक्त हालचाल दिसते. आणि बाबा झटक्यापासून दगडासारखे बसतात. मी कोपरा न् कोपरा शोधला आणि गोम निघाली माझ्याच नियमात. काखेत कळसा नि गावाला वळसा. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बाबांना ते माहीत होतं. दिवसभर त्या डबीसमोर बसणाऱ्याला ठिपका कधी चमकतो ते कळणारच. त्यांना माहीत होतं, आणि मी घरात असले की ते मुद्दाम हलत नव्हते.

मी दार ढकलून आत गेले. मला संताप आला होता, खोटं कशाला सांगू. आठवडाभर मी टेबलाखाली घाम गाळला, दुकानदाराशी भांडले, आईवर ओरडले.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "मला वेडी बनवलंत?"

त्यांनी नाकारलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखे थोडे हसले, अर्ध्याच ओठानं, कारण अर्धाच हसतो आता. मग ते हसणंही गेलं.

"चालू असली की तू उभी असतेस," ते म्हणाले. शब्द यायला वेळ लागत होता आणि मी मध्ये बोलले नाही. "बंद पडली की बसतेस."

मला काहीतरी तोडून बोलायचं होतं. माझी नोकरी आहे, मला जावं लागतं, मी काय मजा मारायला जाते का. हे सगळं खरं होतं आणि ते त्यांनाही माहीत होतं. माझ्या खांद्याला पिशवी होती, हातात किल्ली, पायात चपला. बापाला जाब विचारायला आले होते तीसुद्धा निघायच्या तयारीत.

"रविवारी जाऊ नको का मी?" मी विचारलं.

"जा की," ते म्हणाले. "जायचं तर आहेच. नियम बदलून जा, मग तुझ्यावाचून चालेल."

मी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. टेबलाखाली नाही, त्यांच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसले. फोन काढून नियम पुसायला फार तर क्षणभर लागला असता, पण मी काढला नाही. पिशवीत तो दोनदा वाजला, साहेबांचाच असणार. मी वाजू दिला. पाय हलायला लागला की मी तो हातानं धरून ठेवत होते. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मालगाडी बोगद्यातून बाहेर आली, पुन्हा शिरली.

मग टक् आवाज झाला आणि सगळं थांबलं. स्टेशनांचे दिवे गेले, इंजिन बोगद्याच्या तोंडाशी उभं राहिलं. डबीच्या हिशेबानं खोलीत कुणी नव्हतं. बाबांनी बटण दाबलं नाही, आणि मीही उठले नाही.