उलटा धूर

आप्पांनी पुन्हा बॅग भरायला काढली आणि माझं डोकं फिरलं. आई गेल्यावर चिपळूणच्या घरात ते एकटे नकोत म्हणून हट्टाने त्यांना उलव्याला आणलं होतं. आणि इथे खालच्या मजल्यावरचे पोपटकाका मोरीत बसून बिड्या ओढणार, तो धूर डक्टमधून आमच्या बाथरूममध्ये येणार, आणि दम्याने आप्पांच्या छातीचा भाता होणार! "नाही करमत गं इथे," एवढंच ते म्हणायचे. धुराचं नाव काढायला संकोचत असणार, हे मी ओळखलं. पण गावी दम लागला तर पाणी द्यायलासुद्धा कोणी नाही.

खाली जाऊन भांडून आधीच झालं होतं. "मी माजे मोरीन बिरी ओरतो, ताई. तुमचे घरान येऊन ओरली काय?" पोपटकाका म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते चार मजल्यांना ऐकू गेलं.

मग बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा बदलला. जुना बंद केला की खाडीवरचा वारा डक्टमध्ये घुसून सगळा धूर आत ढकलायचा. नव्याला मागे झडपा होत्या. पंखा चालू असताना हवेने उघडणार, बंद केला की आपल्याच वजनाने पडणार. निदान खोक्यावर तसं चित्र होतं. इलेक्ट्रिशियन मिथुनने तो बसवला आणि संध्याकाळी परत बिडीचा वास! बघते तर झडपा बाहेरच्या कबुतरांच्या जाळीत अडकून अर्ध्या उघड्या.

"टेन्शन नको मॅडम, जाळी कापतो ना."

आधी दिसली नव्हती का रे तुला? कापली एकदाची. झडपा नीट पडू लागल्या. तरी ऑफिसातून यावं तर वास आहेच! मिथुनने फोन उचलणं सोडलं. माझा नवरा ऋषी म्हणाला, "वास तुझ्या नाकातच बसलाय." आता रडायचंच बाकी राहिलं होतं.

गुरुवारी मी दुपारीच घरी आले. बाथरूमचं दार उघडं, पंखा बंद, आणि आप्पा स्टुलावर उभे! हातात माझं उलथनं. ते पात्यांमधून घालून झडप वर उचलून धरलेली, तोंड पंख्याला लावलेलं.

"मग पोपटराव, मिठागर गेल्यावर काय केलंत?"

खालून उत्तर आलं, धुरासकट.

"आप्पा! पडाल ना! आणि हा धूर छातीत घेताय?"

आप्पा हळूच उतरले. "दिवसभर घरात कोण असतं गं? तोच एक बोलतो माझ्याशी."

"मग लिफ्टने खाली जाता येत नाही? बाथरूमच्या भोकातून कसल्या गप्पा मारताय!"

"जातच होतो की. तू ऑफिसला गेलीस की रोज. माझ्यासमोर बिडी पेटवत नसे तो." आप्पांना धाप लागली होती. "तू भांडून आलीस. आता कुठल्या तोंडाने त्याच्या दारात उभा राहू?"

मला नुसता संताप आला होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं आणि तशीच खाली गेले. पोपटकाकांनी दार उघडलं, माझ्या हाताकडे बघून एक पाऊल मागे सरकले.

"काका," मी म्हटलं, "चहाला वर या. आप्पा वाट बघतायत."