खिशातल्या पुऱ्या

लातूर जिल्हा झाल्यानंतरची ती सिद्धेश्वराची पहिलीच जत्रा. गंगम्मा निघाली ती देवासाठी नव्हे, तंबूतल्या सिनेमासाठी, आणि हे तिनं नवऱ्यापासून लपवलंही नाही.

"गेलेल्या पोराला परत मरताना बघायचं हाय का तुला?" चंद्रप्पा म्हणाला.

"मरताना न्हाई. चालताना बघायचंय," ती म्हणाली आणि एसटीत जाऊन बसली.

बहात्तरच्या दुष्काळात मांजरा नदी आटून नुसती वाळू उरली होती. लढाईच्या सिनेमासाठी वाळवंट हवं म्हणून मुंबईची माणसं तेव्हा गावात आली. दुष्काळ बघून हरखलेली माणसं त्या साली कुणी पाहिली असतील, तर ती हीच. त्यांनी खडी फोडणाऱ्या पोरांना खाकी कपडे चढवले, लाकडी बंदुका दिल्या. दिवसभर पळायचं, पडायचं, मरायचं, आणि दुपारी पुरी-भाजीचं जेवण. त्या जेवणापायी सारं गाव मरायला तयार होतं.

गंगम्माचा सिद्धलिंगही गेला. घरात तेव्हा भाकरी जेमतेम दोघांपुरती व्हायची. ती बापलेकाला वाढून गंगम्मा टोपलं पालथं घालायची आणि म्हणायची, "माझं झालंय." पोरगा त्या पालथ्या टोपल्याकडं बघत उठायचा. शूटिंग सुटलं की धावत घरी यायचा आणि तिच्या हातावर पुऱ्या ठेवायचा, चेंगरलेल्या, वाळू लागलेल्या.

"खिशात ठेवल्या होत्या, अव्वा. मरताना लई जपावं लागतंय."

शूटिंगवाले गेले, पण खाकी काही पोराच्या मनातून उतरेना. नांदेडला भरती निघाली आणि तो खराखुरा जवान झाला. दोन वर्षांनी तार आली. बर्फाचा कडा कोसळला होता, देह हाती लागला नव्हता. देहच नाही तर माती कुणाला द्यायची? घरात त्याचा एकच फोटो होता, भरतीतला, काठी गिळल्यासारखा ताठ. अलीकडे गंगम्माला पोराची चाल नीट आठवेना. त्यानं तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

तो सिनेमा कुठं चालला नाही, या भागात कधी आलाही नाही. जत्रेत लागल्याचं तिला संगप्पानं सांगितलं. तोही सिनेमात सिद्धलिंगाबरोबर मेला होता. आता तंबूत तो तिच्याशेजारी बसला होता.

पडद्यावर पोरं धावत सुटली.

"ह्यो का रे?"

"न्हाई काकू, त्यो आपला श्रीमंत."

"मग ह्यो?"

धुळीत सगळीच एका आईची लेकरं दिसत होती. बघता बघता गोळ्या सुटल्या आणि पोरं पटापट पडली. गंगम्मानं पदराचा बोळा तोंडात धरला. कशाला आलो, असं तिला झालं.

मग वाळूवर मढीच मढी. पुढं नायकाची आई ऊर बडवत होती, पण वेणीतला एक केस इकडचा तिकडं होऊ देत नव्हती. मागं एक जवान उताणा पडला होता, तोंड पलीकडं. पळणाऱ्या कुणाचा तरी बूट त्याच्या छातीजवळ आला. तसा त्या मेलेल्या जवानाचा हात हळूच उठला, सदऱ्याच्या खिशावर आला आणि तिथंच राहिला.

तंबू खदखदून हसला. "अरे, मढं हललं!" शिट्ट्या वाजल्या. संगप्पाही हसला आणि शेजारी बघून गप्प झाला.

गंगम्मा उभी राहिली होती.

"ओ बाई, खाली बसा की!" मागून लोक ओरडत होते. तिला ना चाल दिसली होती, ना तोंड. पण तो हात तिच्या सिद्धूचा होता. तिनं पडद्याकडं बघून हाक घातली,

"खाऊन घे रे सिद्धू, माझं झालंय!"