माहीत असल्यासारखं

स्वतः कधी पासपोर्टही न काढलेल्या मावशीने परदेशी एकटी निघालेल्या भाचीला बजावलं होतं, “कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. रस्ता चुकलीस तरी माहीत असल्यासारखं ताठ चालायचं. नकाशा उघडलास की संपलीस!”

चार दिवस भाची तशीच चालत होती. आज मात्र एक छत्रीवाली बाई तिच्या मागे लागली होती. भाची औषधांच्या दुकानापाशी वळली, बाईही वळली. भाची बूट बघायचं नाटक करत थांबली, तर बाई शेजारच्या काचेसमोर थांबली. त्या काचेत नुसत्या नळाच्या तोट्या होत्या. तोट्या इतका वेळ कोण बघतं? पर्स छातीशी धरून भाची गर्रकन वळली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत खेकसली, “माझ्या मागे का येताय?”

बाईने दचकून आपलीही पर्स छातीशी धरली. “मी इथे नवीन आहे हो. स्टेशनला जायचंय. तुम्ही इतक्या ताठ चालत होतात, वाटलं तुम्हाला रस्ता माहीत असणार.”

भाची तासभर स्टेशनच शोधत होती.

तिने भर रस्त्यात नकाशा उघडला. “धरा हे टोक,” ती म्हणाली.