एकशेवीस चित्रांचा खेकडा

मी खेकडा बोलतोय. आठवणीबद्दल मात्र खात्री देत नाही. माझं अख्खं आयुष्य पाच सेकंदांचं. तेवढ्यातही सुरुवातीचं काही निसटलं असेल, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ऐरोलीतल्या एका फ्लॅटमध्ये, ॲनिमेशन करणाऱ्या मोनालीच्या कॉम्प्युटरवर झाला. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक धर्मराज सर मुलांसाठी ‘खाडीची शाळा’ हा व्हिडिओ पॉडकास्ट सुरू करणार होते. दर भागाच्या आरंभी मी चालत यायचं, नांगी उचलायची आणि वर पॉडकास्टचं नाव उमटायचं, एवढीच माझी नोकरी.

सर फार धास्तावलेले. “मोनाली, पस्तीस वर्षं शिकवलंय मी. एक चूक झाली तर लोक काय म्हणतील?”

“सर, टेन्शन नका घेऊ. लहान मुलं बघणार आहेत.”

“मुलंच तर पकडतात!”

पाच सेकंदांत माझी एकशेवीस चित्रं. सरांनी ती एकेक थांबवून, भिंग लावून, चार दिवस तपासली. पाय आठ, नांग्या दोन, डोळे देठांवर. चौऱ्याऐंशीव्या चित्रात एका पायाला सांधा कमी भरला, तो वाढवून घेतला. मग मंजुरीची सही केली, तीही कागदावर.

पहिल्या भागाच्या पाहुण्या बाळाबाई. खाडीकाठच्या गावातल्या, चाळीस वर्षं खेकडे पकडून विकणाऱ्या. चित्रीकरणाआधी मोनालीने मला मोबाइलवर दाखवलं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला.

“सर, यो खेकरा हाय का पोलीस? सरल चालतोय!”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला एकशेवीस वेळा पाहिलं होतं. चालताना एकदाही नाही.

“आडवा चालवला तर उभ्या मोबाइलवर नाव यायच्या आत पडद्याबाहेर जातो, सर,” मोनाली पुटपुटली.

“काढूनच टाक त्याला. पुस्तक आणि दिवा टाक.”

माझी नोकरी सुरू व्हायच्या आतच गेली.

“आवं, पुस्तक कंदी खाडीत दिसलाय का?” बाळाबाई म्हणाल्या. “त्याला चालवताव कशाला? बिलातून वर काढा. आधी डोले. मानूस हाय का बघतो. मंग नांगी.”

त्यांनी ते हाताने करून दाखवलं. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि मोनालीने त्या हाताचा व्हिडिओ काढला. त्या हातावरूनच मी पुन्हा घडलो.

तेव्हापासून दर शनिवारी मी बिळातून डोकावतो. तुम्हाला एकच विनंती: मला थांबवून बघू नका.

तीन वर्षांनी एका मुलीने सरांना विचारलं, सगळेच खेकडे आडवे चालतात का? सरांनी आठवडाभर ग्रंथ धुंडाळले आणि मोनालीला फोन केला. आवाज अगदी हळू होता.

“जुनी फाइल ठेवली आहेस का गं? तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. खेकड्यांच्या काही जाती सरळ चालतात.”