ओळखा पाहू, ती कोण?

अमृतची पहिली कादंबरी धुळ्यातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडून होती. प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून त्याने ती जळगावच्या छापखान्यातून स्वतःच छापून आणलेली. प्रती वाटल्या तेव्हा लोक "वा वा" म्हणाले आणि वाचली कोणीच नाही. फुकटचं पुस्तक आणि फुकटचा सल्ला, आपल्याकडे दोन्हींची गत सारखीच.

सल्ला मात्र अमृतने घेतला. तो दिला शाळेपासूनच्या दोस्ताने, प्रेमराजने. त्याचं फ्लेक्सचं दुकान. "कादंबरी म्हटलं की लोक जांभई देतात," तो म्हणाला. "खरी गोष्ट म्हण. कान टवकारतात." अमृतने जरा का-कू केलं आणि मान डोलावली. अमृतच्या तालुक्याच्या गावी, शिंदखेड्याच्या बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. हनुवटीला हात टेकवलेला अमृतचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत: ‘आपल्याच तालुक्यातली सत्यकथा! ओळखा पाहू, ती कोण?’

गोष्टीत खरं काहीच नव्हतं. सुरतेला कामाला गेलेली विधवा, तिथे झालेली मुलगी, गावापासून लपवलेला बाप, सगळं अमृतने डोक्यातून काढलेलं. पण लोकांना कोडं घातलं की उत्तर काढल्याशिवाय ते राहत नाहीत. स्टँडवरचा पेपरवाला रोज प्रती मागू लागला. जळगावच्या एका वाचक मंडळाने ‘सत्यकथेमागचं सत्य’ यावर भाषणाला बोलावलं. अमृतचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

मग गावाहून आईचा, ताईबाईचा, फोन आला.

"काय लिखी ठेवं रे भाऊ? गावमा बठ्ठा लोके कस्तुरानं नाव ली ऱ्हायनात!"

सगळं गाव एकच नाव घेत होतं. कस्तुराअक्का त्यांची शेजारीण. नवऱ्याबरोबर सुरतेला गेली होती. नवरा तिथेच तापाने गेला आणि तान्ह्या सुनिताला घेऊन ती एकटी परतली. गाव हे कधीच विसरून गेलं होतं. लिहिताना ती एकदाही मनात आली नव्हती, हे अमृत देवाची शपथ घेऊन सांगू शकला असता. पण सुरत, विधवा आणि मुलगी, एवढं लोकांना पुरलं. सुनिताचा साखरपुडा पिंपळनेरच्या घरात झाला होता. ऐतवारी तिकडचे लोक जाब विचारायला येणार होते.

"मी येस," अमृत म्हणाला. "बठ्ठासमोर खरं सांगस."

जळगावचं भाषण गेलं तर जावो, असं त्याने मनाशी ठरवलं. एकदा खरं सांगितलं की मिटलं, असं त्याला वाटत होतं. लिहिणारी माणसं भाबडी असतात.

ऐतवारी कस्तुराअक्काच्या अंगणात सतरंजी टाकलेली होती. मुलाचे चुलते जीवराम नाना मधोमध बसले होते आणि त्यांच्या मांडीवर अमृतचं पुस्तक होतं. पानं दुमडून खुणा केलेल्या. सुनिताने चहा ठेवला. कपाला कोणी हात लावला नाही.

अमृत उभा राहिला. "नाना, यातलं सगळं खोटं आहे. अक्काचा याच्याशी काही संबंध नाही. मी रचलंय."

"मग फ्लेक्सवर सत्यकथा लिहिलंय ते?" नाना बैठकीत नेहमी पुस्तकी मराठी काढायचे.

"पुस्तक खपावं म्हणून."

"म्हणजे तू एकदा खोटं बोललास." नाना शांतपणे म्हणाले. "तेव्हा बोललास की आता बोलतोयस, ते आम्ही कसं ओळखायचं?"

अमृतने शपथ घेतली, हात जोडले. जितका तो विनवू लागला, तितके पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नानांनी पुस्तक कस्तुराअक्कापुढे ठेवलं, वर साखरपुड्याची अंगठी ठेवली आणि ते उठले. चहा तसाच राहिला.

सगळे गाडीकडे निघाले. तेवढ्यात मुलाची आत्या मागे वळली. तिने पिशवीतून दुसरी प्रत काढली.

"भाऊ, सही करी द्या ना यावर."

अमृतचा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा. मग दारात उभी असलेली सुनिता त्याला दिसली.

"कर ना सही, दादा," ती म्हणाली. "त्यानाकरताच ते बठ्ठं करं ना तू."

अमृतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने प्रत घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘ही गोष्ट मी रचली आहे. यातली बाई कुठेच नाही.’ खाली सही केली. आत्याने ते वाचलं आणि ती हसली. "पाह्य नाना, घाबरी गया बिचारा!" पुस्तक छातीशी धरून ती गाडीत बसली. गाडी गेली.

अंगणात तिघंच उरली. अक्का आपल्याला शिव्या देईल, अशी अमृतची अपेक्षा होती. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "तुना पुस्तकमा त्या बाईनी पोरनं पुढे काय व्हस रे?"

"तिचं काही नाही, अक्का." अमृतने मान खाली घातली. "तिला मी नावसुद्धा दिलं नाही."

सुनिता भरलेले कप एकेक करून मोरीत ओतत होती. अक्का आपल्या लेकीकडे बघत राहिली.

"मनी पोरले नाव शे, अमृत," ती म्हणाली.