डार्करूमचं पाणी

लातूर वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी नांदेडच्या सीमेलगतचे लोक मोठ्या तपासणीला जुन्या सवयीनं नांदेडच गाठत. अहमदपूरकडची गुणाबाई अशीच दोन एसट्या बदलून मेडिकल कॉलेजच्या एक्स-रे विभागात आली. वर्षभर खोकत होती, दम्याच्या गोळ्या खाऊन थकली होती.

तिथं एक्स-रे काढणाऱ्या पंचाक्षरीनं तिच्या छातीचा फोटो काढला, डार्करूममध्ये धुतला, उजेडात धरला. नुसतं गढूळ धुकं. लाल दिव्याखाली सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कारण शोधावं लागलं नाही. धुण्याचं औषध मेलं होतं. नवं कालवायला पाणी हवं, आणि टँकर चार दिवस फिरकला नव्हता.

शेजारच्या खोलीत त्याच आठवड्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं. शिकणारी पोरं भोवती दाटली होती. डॉक्टर मन्मथ म्हणाले, "मामा, या सोनोग्राफीला ना फिल्म लागते, ना पाणी. सुटलात तुम्ही."

"मग या बाईचं हिच्यावरच बघा की."

"छातीत हवा असते. हवेतून हिला काही दिसत नाही. बाईला आठ दिवसांनी बोलवा."

गुणाबाईनं ऐकलं आणि बाकावरून उठलीच. "दादा, लेकरू शेजारणीकडं ठिवून आले. पुन्हा यायचं न्हाई जमायचं."

पंचाक्षरीला चिडायचंही त्राण नव्हतं. त्यानं सायकल काढली आणि भर उन्हात घरी गेला.

"रत्नम्मा, घागर दे."

"येकच हाय. प्यायला तीच, तुमच्या पूजेला तीच."

"फिल्मा धुवायच्या हायत."

"काम सरकारचं अन् पाणी घरचं?"

"हाव."

बायकोनं फडकं लावून पाणी कॅनमध्ये गाळलं. तळाला तांब्याभर ठेवलं, बाकी सगळं दिलं.

दवाखान्यात परतून अर्ध्या पाण्यात त्यानं औषध कालवलं, अर्धं धुवायला ठेवलं. गुणाबाईला पुन्हा एक्स-रे यंत्रापुढं उभं केलं. या वेळी ट्रेमध्ये एकेक बरगडी उमटत गेली आणि उजव्या बाजूला, खांद्याच्या खाली, पांढरा डाग.

मन्मथनी ओली फिल्मच खिडकीशी धरली. "दमा कुठला! क्षय दिसतोय. थुंकी आजच तपासायला द्या."

गुणाबाईनं पंचाक्षरीला गाठलं. "बरी हुईन का, दादा?"

"हुताल. गोळ्या लई दिवस खाव्या लागतेत, मधीच सोडू नका."

बाहेर अजून सहा जण बसले होते. चौघांच्या फिल्मा धुऊन झाल्या आणि पाणी काळं पडलं. दोघांना परत पाठवावं लागलं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला नाही नाही ते सुनावलं. पंचाक्षरीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, दार ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिला. घसा कोरडा पडला होता, आणि प्यायचं पाणी घरी तांब्याभरच उरलं होतं.