गंज उतरवायची भुकटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर गंजवाले डॉक्टर उभे. ते कशाचे डॉक्टर, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

"लोखंड कशाने गंजतं? ऑक्सिजनने! माणूसही त्यानेच गंजतो. ऑक्सिजन घरभेदी आहे, आणि कॅन्सर म्हणजे आतला गंज!"

पुढच्या रांगेतल्या दोघींनी श्वास जरा बेतानेच घेतला.

त्यांनी पेल्यात तपकिरी पाणी दाखवलं. "हा तुमच्या रक्तातला गंज. आणि ही एकवीस फळांची अँटिऑक्सिडंट भुकटी!" चमचाभर टाकली, ढवळली. पाणी नितळ! टाळ्यांचा कडकडाट झाला. एकवीस रंगीत फळांची भुकटी पांढरीशुभ्र कशी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या शेजारी धाकटी जाऊ होती. तिच्या स्तनातल्या गाठीची तपासणी नुकतीच झाली होती, कॅन्सरच निघाला होता. सर्जन म्हणाले होते, "गाठ लहान आहे, पण झपाट्याने वाढणाऱ्या जातीची. लगेच काढू."

"सहा महिने, रोज सकाळी," गंजवाले सांगत होते. "औषध म्हणून नाही, नेम म्हणून घ्या. मध्ये सुई नको, सुरी नको. नेम मोडला की गंज दुप्पट!"

त्या एका शब्दाने आमचा घात केला. औषध म्हटलं असतं तर आम्ही चार प्रश्न विचारले असते. पण नेम! तीस वर्षं पूजा झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेतलेलं नाही. जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही सोबत असलात तर मला जमेल." मग रोज पूजा आटोपली की मी तिच्या हातावर भुकटी ठेवायची. दिरांनी ऑपरेशनचा विषय काढला की मीच हळूच म्हणायची, "भाऊजी, घेतलेलं मध्येच मोडू नये."

पाचव्या महिन्यात नणंद सुट्टीला आली. ती शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवते. तिने भुकटी जिभेला लावली. "वहिनी, हे नुसतं आंबट आहे. टिंक्चर आयोडीन आहे घरात?"

ओट्यावरच तिने पाण्यात टिंक्चरचे थेंब टाकले. तोच तपकिरी रंग! भुकटी टाकताच नितळ. दुसऱ्या पेल्यात लिंबू पिळलं, तोही नितळ.

"क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो, एवढीच जादू. रक्ताचा काही संबंध नाही." मग तिने जखम धुवायचं पेरॉक्साइड ओतलं. हळूहळू पाणी पुन्हा तपकिरी झालं. "बघा, आयोडीन गेलं नव्हतंच. दिसेनासं झालं होतं."

"पण फळं-भाज्या खा म्हणतात ना?" जाऊने विचारलं.

"खाव्यातच. खाणाऱ्यांना काही कॅन्सर कमी होताना दिसतात. पण त्यातलं एकेक द्रव्य काढून हजारो लोकांना गोळ्या दिल्या, तेव्हा कॅन्सर काही टळला नाही. एका गोळीने तर सिगारेट ओढणाऱ्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. आणि झालेली गाठ अशी विरघळत नाही ग."

दुसऱ्याच दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी नव्याने स्कॅन करून घेतला, फिल्म पाहिली. "यकृतापर्यंत गेलंय. आता काढून उपयोग नाही. त्रास कमी होईल एवढं करू."

बाहेर बाकावर जाऊने माझा हात धरला. "ताई, मी एकही दिवस चुकवला नव्हता ना?"

"नाही ग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

रविवारी नणंदेने तोच प्रयोग सभागृहाच्या दारात करून दाखवला. लोकांनी पाहिला. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, श्रद्धा असावी लागते." आणि भुकटीची रांग पुढे सरकली.

श्रद्धा माझीही आहे, राहील. पण देव कधी सर्जनची तारीख चुकवायला सांगत नाही. जो सांगतो तो लबाड. अंगात कुठे गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पूजा परत आल्यावर करा.